सातव्या घरातला मंगळ

विलास घाग गेला हे मिलिंदने फोनवर सांगितलं, तेव्हा मी मेथी निवडत होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. "सुलभा, विलास गेला," एवढंच तो म्हणाला. त्याच्याकडे कुकरची शिट्टी झालेली मला ऐकू आली. "आधी गॅस बंद कर," मी म्हटलं. तो जाऊन आला आणि म्हणाला, "चहा पिता पिता गेला गं. दार उघडं होतं, समोरच्या काकू जिन्यात उभ्या होत्या, आणि मी त्याचा हात सोडला नाही." माणूस गेल्याचं दुःख झालंच. पण हे शेवटचं वाक्य ऐकून छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटलं, आणि तसं वाटल्याची मला अजिबात लाज वाटत नाही. कारण दार उघडं असताना त्या दोघांनी एकमेकांचा हात धरलेला मी तीस-बत्तीस वर्षांत एकदाही पाहिला नव्हता.

विलास फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाला होता. मिलिंद कल्याणच्या एका छापखान्यात होता, लग्नाची कार्डं, पावतीपुस्तकं, कुंडलीचे कोरे फॉर्म असली कामं करणाऱ्या. शाळेत एका बाकावर बसलेली ही दोन मुलं पुढे आयुष्यभराचे जोडीदार झाली. नवरा-बायको असतात तसे. फौजेत हे कळलं असतं तर विलासची नोकरी, हुद्दा आणि अब्रू एका कागदासरशी गेली असती. बाहेरचा कायदा आता बदलला. फौजेच्या स्वतःच्या कायद्यात अशा माणसाला अजूनही जागा नाही.

बाराव्या दिवशी मी मिलिंदला विचारलं की विलासवर लिहू का, आणि लिहिलं तर नावं बदलू का. तो म्हणाला, "आयुष्यभर मी त्याच्यासाठी खोटं छापलं. तू आता खरं छाप." म्हणून हा खटाटोप. मात्र खरं सांगायचं तर माझ्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि त्यात मी फारशी चांगली दिसत नाही.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. ठाण्याला कोर्टाबाहेर टायपिस्टांची रांग असे, त्यात माझं एक टेबल. दिवसभर लोकांच्या शपथा टाइप करायच्या आणि संध्याकाळी डोंबिवलीला घरी जाऊन नानांचा, म्हणजे वडिलांचा, सुस्कारा ऐकायचा. मला कडक मंगळ. एकोणीस स्थळं पत्रिका बघूनच परत गेली होती. नाना शाळामास्तर, विज्ञान शिकवायचे, पण लेकीच्या पत्रिकेपुढे त्यांचं विज्ञान गप्प बसायचं. अशात एक दिवस ते धापा टाकत घरी आले. डोंबिवलीतलाच मुलगा, फौजेत हवालदार, निर्व्यसनी, आणि सातव्या घरात मंगळ! वर अठ्ठावीस गुण जुळलेले. नानांनी त्याच संध्याकाळी मजल्यावरच्या चारही बिऱ्हाडांना सांगून टाकलं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं ते आईला दहादा तरी म्हणाले असतील.

कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला. विलास ताठ बसला होता, पाठ खुर्चीला न टेकवता. पोहे त्याने शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत संपवले, माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि त्या बघण्यात मला इतकी भीती दिसली की मीच जरा सुखावले. एवढा उंच फौजी आपल्याला घाबरला म्हणजे आपण त्याला आवडलो! मूर्खपणाला काही वय नसतं.

दोन दिवसांनी तो कोर्टाबाहेर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं, भेटायला आलाय. आम्ही शेजारच्या टपरीवर चहा घेतला. त्याने कप रिकामा केला. मग म्हणाला, "तुम्ही मला नाही म्हणा."

"का?"

"माझी पत्रिका खोटी आहे. मला मंगळबिंगळ काही नाही."

मी विचारलं, दुसरी कोणी आहे का. तो खाली बघत म्हणाला, "आहे. मिलिंद आहे." मला आधी कळलंच नाही. मिलिंद हे मुलीचं नाव असतं का, असा बावळट प्रश्न मी विचारला, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघता बघता उत्तर माझं मलाच कळलं. तो म्हणाला, "हे मी आजवर कोणाला बोललेलो नाही. तुम्ही युनिटला नुसतं एक पत्र टाकलंत तरी मी संपलो. पण तुम्हाला फसवून लग्न करायला मला नाही जमणार." आणि चहाचे कप स्वतः उचलून ठेवून निघून गेला.

आज मला त्याच्या धाडसाचं कौतुक वाटतं. त्या दिवशी मात्र नुसता संताप आला. याचं प्रेम याच्यापाशी, मी का मधे? चारही बिऱ्हाडांत बातमी झालेली, आई साड्यांची यादी करत होती, आणि मी नाही म्हणायचं? मंगळाच्या मुलीने मंगळाच्या मुलाला? लोक म्हणणार, हिलाच काहीतरी झालंय. पाच-सहा दिवस मी आतल्या आत उकळत राहिले. मग एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मी मशीनवर कागद चढवला आणि त्याच्या युनिटच्या साहेबांना इंग्रजीत पत्र टाइप केलं. पत्ता मुलाच्या माहितीच्या कागदावर होताच. भाषा तर मला पाठच होती, रोज दुसऱ्यांच्या तक्रारी टाइप करत होते. पत्र पाकिटात घातलं, तिकीट लावलं आणि पर्समध्ये ठेवलं. पोस्टाची पेटी शंभर पावलांवर होती.

दुसऱ्या दिवशी एक सावळा, बुटका, हाताला शाई लागलेला माणूस माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, मी मिलिंद," म्हणाला, आणि न विचारता स्टुलावर बसला. पिशवीतून त्याने कुंडलीचा कोरा फॉर्म, एक जुनं पंचांग आणि ज्योतिषाचं कव्हर फाटलेलं पुस्तक काढून माझ्यासमोर मांडलं, पोलिसांसमोर मुद्देमाल ठेवतात तसं. "पत्रिका मी मांडलीय," तो म्हणाला. "शिक्षा करायची तर मला करा."

मग त्याने सगळं सांगितलं. विलास दर वर्षी रजेवर आला की त्याची आई मुली दाखवायची. सैनिकाची रजा दोन महिन्यांची, त्यातला अर्धा वेळ पोहे खाण्यात जायचा. शिवाय युनिटमध्येही सगळे विचारायचे, घाग, लग्न कधी? न करण्याला काहीतरी कारण लागतं. शेवटी मिलिंदने डोकं लढवलं. विलासची जुनी पत्रिका वाळवीने खाल्ली असं सांगायचं आणि नवी आणायची. पंधरा दिवस पंचांगाशी झटापट करून त्याने अशी जन्मवेळ शोधली, की मंगळ बरोबर सातव्या घरात जाऊन बसावा. विलासच्या आईला अक्षरओळख नव्हती. पत्रिकेत मंगळ आहे हे ऐकून ती रडली, पण तिने विश्वास ठेवला. चार रजा निर्धास्त गेल्या.

"तुमच्यात पत्रिका बघतात?" मी विचारलं.

"आमच्यात कोण बघतंय! बाबासाहेबांच्या घरातला माणूस मी. मी पत्रिका मांडली हे आईला कळलं ना, तर मंगळापेक्षा कडक वाट लावील माझी."

"मग मंगळाला मंगळ चालतो, एवढंही ठाऊक नव्हतं? शेंबड्या पोराला माहीत असतं ते!"

"तुमच्यातल्या शेंबड्या पोराला असेल, मॅडम. पुस्तकात लिहिलेलं, मंगळ असला की लग्न जमत नाही. मला तेवढंच पाहिजे होतं. पुढचं पान मी वाचलंच नाही."

मला हसू फुटलं. गेल्या आठ दिवसांतलं पहिलं हसू, आणि ते आवरेना. बाजूचे टायपिस्ट वळून बघायला लागले. मिलिंद मात्र हसला नाही. तो म्हणाला, "विलासला वाटतं, तुम्ही कोणाला सांगणार नाही. मला वाटतं, सांगाल. तुमच्या जागी मी असतो तर मलाही राग आला असता. आम्ही आमचा जीव वाचवायला बघत होतो. मधे कोणाची तरी मुलगी येईल आणि तिचा तमाशा होईल, हे डोक्यातच आलं नाही आमच्या. ते चुकलंच." पत्रिका बघून परत गेलेल्या एकोणीस घरांपैकी एकानेही मला असं म्हटलं नव्हतं. तो गेल्यावर मी पाकीट फाडलं. चार तुकडे, मग आठ, मग सोळा. घरी जाऊन नानांना सांगितलं, मुलगा मला पसंत नाही. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, फार ताठ बसतो. नाना गणपतीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

आणि गंमत बघा. मिलिंदच्या पत्रिकेने जे साधलं नव्हतं ते माझ्या नकाराने साधलं. मंगळाच्या मुलीनेसुद्धा नाकारलेला मुलगा, अशी विलासची ख्याती झाली. मध्यस्थांनी त्याचं नाव वहीतून काढलं. त्याची आई बिचारी वर्षभर माझ्या नावाने बोटं मोडत होती, आणि विलास दर रजेला माझ्यासाठी कधी अक्रोड, कधी जर्दाळू घेऊन येत होता.

मैत्री अशी झाली. मिलिंद त्याला पत्र लिहीत नसे, कारण बराकीत कोणाचं पत्र कोण वाचेल सांगता येत नाही. तो लग्नाची कार्डं पाठवायचा. कोणाचीही. छापखान्यात शाई फिकट लागलेलं, कोपरा दुमडलेलं एखादं कार्ड उरलं की त्याच्यावर विलासचा पत्ता. आत एक अक्षर जास्तीचं नाही. कार्ड आलं म्हणजे मिलिंद बरा आहे, एवढाच निरोप. युनिटमध्ये सगळे थट्टा करायचे की घागच्या गावात दर आठवड्याला लग्न असतं, आणि हा एकटा बिनलग्नाचा. पुढे बत्तिसाव्या वर्षी मी माझ्याच रांगेतल्या प्रकाशशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, पत्रिका न बघता. साक्षीदार म्हणून मिलिंदने सही केली. माझं कार्डही विलासला तसंच गेलं. तो म्हणाला होता, "इतक्या कार्डांत पहिल्यांदा ओळखीची माणसं होती गं. मी ते उशाशी ठेवलेलं."

विलास आपल्या नोकरीबद्दल अभिमानाने बोलायचा, आणि ते खोटं नव्हतं. वर्दीवर त्याचा जीव होता. म्हणूनच फार अवघड होतं. एकदा त्याच्या युनिटमधल्या एका शिपायाला पुरुषाशी नातं असल्यावरून घरी पाठवलं. सकाळी ट्रंक घेऊन तो गेटकडे चालत गेला आणि त्याला निरोप द्यायला कोणी गेलं नाही. "मीसुद्धा गेलो नाही," विलास म्हणाला. "सगळ्यांत आधी मी जायला पाहिजे होतं, सुलभा. मी बूट पॉलिश करत बसलो." हे त्याने मला तीनदा तरी सांगितलं. प्रत्येक वेळी मी काहीतरी समजुतीचं बोलायचे आणि प्रत्येक वेळी ते अपुरं पडायचं.

निवृत्त होऊन तो डोंबिवलीला परतला तेव्हा मला वाटलं, सुटले दोघं. पण नाही. निवृत्तीनंतरही तीन वर्षांपर्यंत जुन्या गोष्टीवरून खटला चालवता येतो, हे त्याने कुठूनसं पक्कं करून घेतलं होतं. फौजी माणूस, तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं. तो आईजवळ डोंबिवलीला, मिलिंद कल्याणला, आणि दर गुरुवारी दोघं माझ्याकडे ठाण्यात खोपटला जेवायला. एक डोंबिवलीहून यायचा, एक कल्याणहून, आणि जाताना अर्ध्या तासाच्या अंतराने निघायचे. प्रकाश म्हणायचा, एवढी शिस्त तर आपल्या कोर्टातही नाही. तीन वर्षं संपली त्या गुरुवारी दोघं एकाच रिक्षातून आले. रिक्षातून उतरताना विलासने नेहमीप्रमाणे आजूबाजूला बघितलं, मग स्वतःच ओशाळून हसला. त्या दिवशी मी पुरणपोळी केली होती. विलासची आई तोवर गेली होती. पुढच्या महिन्यात त्यांनी कल्याणला दोन खोल्यांचं घर केलं आणि दारावर दोन नावं लावली. लोकांना सांगायला शाळेतले मित्र, एकटे जीव, म्हातारपणी एकमेकांना सोबत. लोकांनाही तेवढं पुरलं.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा मी सकाळीच वर्तमानपत्र घेऊन त्यांच्याकडे पोहोचले. मिलिंद रडला. विलासने चष्मा लावून सगळी बातमी वाचली, पान उलटून शेवटपर्यंत, आणि मग हळूच म्हणाला, "चांगलं झालं. पण गेटमधून ट्रंक घेऊन जाणाऱ्याला याचा उपयोग नाही." थोड्या वेळाने त्याने स्वतःच मिलिंदच्या तोंडात पेढा घातला. दार मात्र आधी लावून घेतलं.

आमची शेवटची नीट भेट त्याच्या जाण्याआधी तीनेक महिन्यांची. मिलिंद भाजी आणायला गेला होता. विलासची तब्येत तोळामासा झालेली, जिना चढला की धाप लागायची. मला काय झालं कोण जाणे, मी त्याला त्या पत्राचं सांगून टाकलं. टाइप केलं होतं, तिकीट लावलं होतं, एक रात्र पर्समध्ये ठेवलं होतं. तीस वर्षं मी हे गिळून बसले होते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"पाठवलं असतंस तर?" तो म्हणाला.

"तर मला जन्मात झोप लागली नसती."

"मला लागली असती," विलास म्हणाला. "खरं सांगू? कधी कधी वाटायचं, कोणीतरी एकदाचं पाठवावं. सगळं जाईल, पण ते वाट बघणं तरी संपेल." मग तोच म्हणाला, "पण बरं झालं फाडलंस. मला सुभेदार व्हायचं होतं ना." आणि आम्ही दोघंही इतके हसलो की त्याला खोकला लागला आणि मिलिंदने वर येऊन मलाच दटावलं.

तो गेला त्या दिवशी डोंबिवलीहून पाच-सहा माजी सैनिक पुष्पचक्र घेऊन आले. ताठ उभं राहून त्यांनी सलाम केला. मी धास्तावले होते, आता कोणीतरी विचारणार, घरचं कोण, अग्नी कोण देणार. विलासचा पुतण्या चिपळूणहून आला होता. त्याने मडकं उचललं, मिलिंदच्या खांद्यावर ठेवलं आणि म्हणाला, "मिलिंदकाका, तुम्हीच." कोणी हूं की चूं केलं नाही. एक म्हातारे हवालदार तेवढे पुढे येऊन मिलिंदची बाही नीट करून गेले.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा कल्याणला गेले. मिलिंदला आतल्या खोलीतला पलंग कोणाला तरी देऊन टाकायचा होता, म्हणून आम्ही दोघं तिथे उभे होतो. या पलंगाची हकीकत मला त्या दिवशी कळली. तो विलासचा पलंग, असं सगळ्यांना सांगितलेलं होतं. त्यावर कोणी कधी झोपलं नाही. पण रोज पहाटे पाचला उठून विलास आत यायचा, त्या पलंगावरची चादर विस्कटायचा, आणि मग पुन्हा फौजी पद्धतीने ताणून बसवायचा, कोपरे दुमडून, घोंगडी चौकोनी घडी करून पायथ्याशी. कामवाल्या वत्सलाबाई सात वाजता यायच्या. त्यांना वाटलं पाहिजे की माणूस आत्ताच उठून गेलाय. बारा वर्षं त्याने एक दिवस चुकवला नाही. शेवटच्या आजारपणातही नाही.

वत्सलाबाई दारात फडकं घेऊन उभ्या होत्या. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. "दादा," त्या म्हणाल्या, "बारा वर्सं मी या घरात कपरे धुते. त्या उशीचा अभ्रा एकदा पन मललेला नाय. मना काय कलत नाय का?"

मिलिंद दाराकडे वळला. "मग कधी बोलला का नाहीत?"

"सुभेदार रोज एवढी मेहनत करायचे. बोलले असते त त्यांना वाईट वाटला असता." मग फडकं खांद्यावर टाकत म्हणाल्या, "बसा जरा. मी चाय ठेवते."

मिलिंद हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला, आणि उभं राहवेना म्हणून त्या पलंगावर बसला. मग चपला काढून आडवाच झाला, भर दुपारी, दार सताड उघडं असताना. ताणून बसवलेली चादर एका कोपऱ्यातून सुटली. ती नीट करायला कोणी उठलं नाही.